माकडटोपीतलं कोथरूड

१७ जानेवारी १९३५ च्या पहाटे पुण्यात पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. हवामान खात्याच्या दप्तरात पुण्याची त्याहून थंड पहाट नाही. आमच्या सोसायटीतले एक आजोबा त्या पहाटेचं वर्णन असं करतात की ऐकणाऱ्यानं मे महिन्यात शाल मागवावी. रांजणातल्या पाण्यावर धरलेला बर्फाचा पापुद्रा, गोठ्यात उभ्या उभ्या थरथरणारी म्हैस, दातांवर दात आपटत म्हटलेली भूपाळी, सगळं त्यात येतं. आजोबांचा जन्म १९४१ चा. हे त्यांना कोणी म्हणत नाही. कोथरूडात प्रत्येकाजवळ स्वतःची एक जुनी थंडी असते आणि ती समोरच्याच्या थंडीपेक्षा निदान दोन अंशांनी खाली असते. आपली सांगायची पाळी यावी म्हणून दुसऱ्याची ऐकून घ्यायची, एवढाच इथला शिष्टाचार.

त्या १.७ मागे हवामान खात्याचाच हात असावा, असा मला दाट संशय आहे. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि समोरच्या चौकाला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. बदली होऊन आलेला सरकारी माणूस ट्रंका-वळकट्यांबरोबर थोडी तिकडची हवाही घेऊन येतो. तशी ती आली आणि सातव्या वर्षी तिनं रंग दाखवला. कोथरूड तेव्हा पुण्यात नव्हतंच. म्हातोबाच्या टेकडीखालचं ते शेतीवाडीचं गाव. गावकरी त्या पहाटे काय करत होते याची नोंद कुठल्या दप्तरात नाही, पण शेकोटीशी बसून ‘यंदा थंडी जरा जास्तच आहे’ असं कोणीतरी म्हणालं असणार. हे वाक्य आजही दर डिसेंबरात जसंच्या तसं म्हटलं जातं. त्याच्या जोडीचं दुसरं वाक्य, ‘पूर्वीसारखी थंडी आता राहिली नाही हो.’ दोन्ही वाक्यं एकच माणूस एकाच सकाळी म्हणतो आणि दोन्ही वेळा समोरचा मान डोलावतो.

आताची आमची थंडी बेताची. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश, एखादी लाट आलीच तर आठ-नऊ. दुपारी मात्र अठ्ठावीस-तीस. दिवसाचे दोन ऋतू झाल्यामुळे काय घालावं हा प्रश्न सुटत नाही, मग सगळंच घातलं जातं. पहाटे सहाला निघालेला माणूस बनियनवर बनियन, त्यावर शर्ट, पूर्ण बाह्यांचा स्वेटर, मफलर आणि माकडटोपी अशा बंदोबस्तात असतो. सूर्य चढतो तसा तो उतरत जातो. टोपी कर्वे पुतळ्यापाशी खिशात जाते, मफलर नळ स्टॉपला पिशवीत आणि डेक्कन येईपर्यंत स्वेटर कमरेला. २०२२ च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाल्यापासून या क्रमात एक वातानुकूलित गोंधळ वाढला आहे. डब्यात शिरलं की स्वेटर परत चढतो.

माकडटोपीइतका समतावादी पोशाख दुसरा नाही. तिच्यात निवृत्त बँक मॅनेजर, विद्यापीठातले विभागप्रमुख आणि सोसायटीचा वॉचमन तिघंही सारखेच दिसतात. अंधारात विभागप्रमुखांना कारमधून कोणीतरी ‘अरे, गेट उघड’ असं फर्मावलेलं मी ऐकलं आहे. त्यांनी उघडलंही. थंडीत माणूस नम्र होतो.

तर अशा या थंडीचं मी वकीलपत्र घेतलं आहे. तिच्यावर आरोप फार. सर्दी झाली ती थंडीनं, गुडघे धरले ते थंडीनं, दही लागलं नाही ते थंडीनं आणि चिरंजीव नऊपर्यंत उठत नाहीत तेही थंडीनंच. दह्याचा आरोप मान्य. बाकीच्यांवर युक्तिवाद होऊ शकतो.

सर्दीचंच घ्या. सर्दी देणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसांचा. ते टेकडीवरच्या वाऱ्यातून येत नाहीत, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडून येतात. थंडी काय करते? आपल्याला खिडक्या लावून एका खोलीत बसवते. कोरड्या हवेनं नाकातला ओलावा कमी करते. गार पडलेल्या नाकाची विषाणूंशी झगडायची ताकदही जरा मंदावते, हे मान्य. म्हणजे फार तर ती साथीदार ठरेल, मुख्य आरोपी नव्हे. शिवाय पुण्यात फ्लूची मोठी लाट बहुतेक वेळा पावसाळ्यात येते, हिवाळ्यात नव्हे. या शहरात १९५२ पासून विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, पण या बाबतीत कोथरूड तिचं ऐकत नाही. शिंक ऐकली की पहिला प्रश्न येतो, “काल रात्री दही खाल्लंस का?”

विषाणूंचा प्रवास पाहायचा तर डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जावं. १९५३ पासून चालत आलेल्या या महोत्सवाला कोथरूडहून मुकुंदनगरपर्यंत ज्या शाली जातात, त्यांचा पहिला उपयोग जागा धरायला आणि दुसरा, झालाच तर, पांघरायला. विलंबित ख्यालात गायक षड्जावर स्थिरावतो, मंडप श्वास रोखतो आणि नेमका तेव्हा उजवीकडून एक खोकला उठतो. डावीकडून त्याला उत्तर जातं. मागच्या भारतीय बैठकीतून कोणीतरी तिसरा सूर लावतो. सुरांची घराणी आपापला बाज सांभाळून असतात, विषाणूंची मात्र त्या मांडवात एकमेकांत सर्रास सोयरीक होते. घरी आल्यावर घसा धरतो आणि दोष जातो रात्रीच्या गारव्याला. मग गवती चहा, आलं, तुळस, सुंठ, ज्येष्ठमध यांचा काढा होतो. त्यानं बरं वाटतं, यात वाद नाही. गरम काही घशाखाली गेलं की बरं वाटतंच. मिठाच्या गुळण्या आणि टॉवेलखालची वाफ यांनाही माझा पाठिंबा आहे. मेडिकलच्या दुकानात जाऊन ‘मागच्या वेळच्याच’ अँटिबायोटिक गोळ्या मागणाऱ्यांना मात्र नाही. त्या जिवाणूंसाठी असतात, विषाणूंना त्यांची दखलही नसते.

आता पोटाकडे येऊ, कारण कोथरूडचा हिवाळा खरा तिथेच असतो.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्या सांगितली आहे. हेमंतात बाहेरच्या गारव्यानं अंगातली ऊब आत कोंडते, त्यामुळे जाठराग्नी बळावतो आणि त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही तर तो शरीराचे धातूच पचवायला लागतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून जड, स्निग्ध, गोड खावं. हा आधार आमच्याकडे फार मनावर घेतलेला आहे. कार्तिक सरता सरता डिंक तुपात फुलायला लागतो. खारकेची पूड, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, गोडंबी, जायफळ, गूळ यांचा वास जिन्यातून वर चढतो आणि कोणत्या मजल्यावर लाडू वळले जातायत ते लिफ्टमध्येच कळतं. पण वाग्भटाची यादी तेवढ्यावर संपत नाही. अंगाला तेल चोळावं, डोक्याला तेल लावावं, तरबेज मल्लांशी कुस्ती खेळावी, असंही तो सांगतो. पुढे मांसरस आहे आणि मद्यही आहे. आमच्याकडे ऋतुचर्येवर व्याख्यान देणारी मंडळी तेलापाशी थांबतात. कुस्ती वेळेअभावी राहते. शेवटच्या दोन गोष्टी एका विंगेत प्रक्षिप्त मानतात, दुसऱ्या विंगेत तेवढ्याच अस्सल मानतात.

“अहो, औषध म्हणून खायचा असतो तो,” लाडवाकडे हात गेला की काकू म्हणतात आणि दुसरा देतात. औषध म्हणून, हा कोथरूडच्या हिवाळ्याचा परवलीचा शब्द. डिंक कमरेसाठी, अळीव रक्तासाठी, मोरावळा पित्तासाठी, च्यवनप्राश सगळ्यासाठी. डिसेंबरातल्या औषधांना साजूक तूप सुटलेलं असतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यातल्या त्यात मेथीचा लाडू खरा औषधी म्हणायचा, कारण तो कोणी दुसऱ्यांदा मागत नाही.

पंचाईत एवढीच की हे लाडू मुळात बाळंतिणीसाठी आणि अंगमेहनत करणाऱ्यांसाठी. पहाटे मोट हाकणाऱ्याला एका लाडवात दुपारपर्यंतचा दम मिळायचा. आता तोच लाडू खाऊन माणूस खुर्चीत बसतो आणि अमेरिकेतल्या साहेबाशी लॅपटॉपवर बोलतो. जाठराग्नी बळावलेला असतो, पण त्याला जाळायला काम नसतं. फेब्रुवारीत जुनी पँट घालताना श्वास आत घ्यावा लागतो. वाग्भटानं कुस्ती कशाला सांगितली होती, ते तेव्हा ध्यानात येतं.

मला या सगळ्यात धुंधुरमासाचा विशेष लोभ आहे. सूर्य धनू राशीत असतो तो हा महिना, साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतचा. रात्री लांब असतात म्हणून हेमंतात माणसाला सकाळीच भूक लागते, असं वाग्भट म्हणतो, आणि ते जिथे कधी कोणी वाचलं नाही अशा घरांतूनही सूर्योदयाला पानं मांडली जायची. मुगाची गरम खिचडी, तीळ लावून थापलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत आणि लेकुरवाळी भाजी. पावटे, मटार, गाजर, वांगं, ओला हरभरा, तीळकूट अशी सगळी लेकरं तिच्या कडेवर. बाजरीत लोह आणि तंतू, तिळात कॅल्शियम आणि स्निग्धता, मुगात प्रथिनं, भाजीत त्या महिन्यात मंडईत येणारं सगळं. आहारतज्ज्ञ पैसे घेऊन जो तक्ता लिहून देतात तो फुकटात ताटात असायचा, आणि तो सूर्य वर यायच्या आत संपायचा म्हणून रात्री लवकर झोपावं लागायचं. ही मेख मोठी होती.

कोथरूडात धुंधुरमास अजून होतो. रविवारी, हॉलमध्ये, कूपन घेऊन, साडेनऊला. सूर्य तोवर सोसायटीच्या गच्चीवर येऊन, वाट पाहून पुढे गेलेला असतो. नंतर सुगम संगीताचा कार्यक्रम असतो, त्यात पहिल्या दोन रांगा खिचडीच्या समाधीत जातात. मी नावं ठेवत नाही. भाकरी तव्यावरून थेट पानात पडत असेल तर मी साडेअकरालाही धुंधुरमास मानायला तयार आहे.

बाकी मार्गशीर्षात चंपाषष्ठीला वांग्यांवरचा चातुर्मासातला बहिष्कार उठतो, पौड रस्त्यावर हरभऱ्याच्या जुड्या येतात, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, आणि शनिवार-रविवारी मंडळी हुरड्याला गावाबाहेर जातात. आगटीतून निघालेली ज्वारीची कणसं हातावर चोळून देणाऱ्याचे तळहात बघावेत. थंडीत उबेला बसणं त्याच्या वाट्याला फार जवळून आलेलं असतं.

आंघोळीबद्दल दोन शब्द गंभीरपणे सांगायचे आहेत, पण आधी सोलरचं. गच्चीवर सोलर बसवला की इमारतीत नवी जातव्यवस्था तयार होते. वरच्या मजल्यावर नळ उघडताच कढत पाणी, तळमजल्यावर तीन बादल्या गार पाणी सोडल्यावर कोमट. उन्हाळ्यात ज्यांच्या तापलेल्या छताची सगळे कीव करतात, त्यांचाच हिवाळ्यात हेवा. साडेसातनंतर उठणाऱ्याला काहीच मिळत नाही, त्यामुळे सोलरनं आमच्या सोसायटीला जेवढी शिस्त लावली तेवढी कुठल्या कार्यकारिणीला जमली नाही. पाणी मात्र फार कढत घेऊ नये. त्यानं कातडीवरचं नैसर्गिक तेल निघून जातं, मग हातपाय उलतात, टाचांना भेगा पडतात आणि कोकणातल्या मावशीकडून आमसुलाचं तेल मागवावं लागतं. त्या तेलाची वडी दिव्यावर वितळवून भेगेत भरली की जो चटका बसतो, त्यात बरं झाल्याचा अर्धा आनंद असतो.

आता ते गंभीर. गॅसचा गीझर बाथरूममध्ये असेल आणि थंडी येते म्हणून तुम्ही झडप-खिडकी घट्ट लावून घेत असाल, तर ते करू नका. पुरेसा प्राणवायू नसला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि आतली कडी काढायचीही शक्ती राहत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवावा, ते जमत नसेल तर खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा आणि मग आंघोळीला जावं. थंड झुळूक अंगावर आली तर येऊ दे. इथे माझी अशील जीव वाचवते.

उन्हाचंही असंच. थंडीत कोवळ्या उन्हात बसण्याचं सुख वेगळंच, पण ‘ड’ जीवनसत्त्वासाठी बसला असाल तर ते ऊन फार कोवळं आहे. त्वचेला जे किरण लागतात ते सूर्य बराच वर आल्यावर, अकराच्या पुढे, नीट पोचतात. आणि काचेतून तर येतच नाहीत. आमच्याकडे बहुतेक बाल्कन्यांना काचा लागलेल्या आहेत. तिथे पेपर उघडून, पाय पसरून, डोळे मिटून बसलेल्या काकांना ऊब मिळते, शब्दकोडं मिळतं, जीवनसत्त्व मिळत नाही. दुपारी जरा बाह्या सारून खाली उतरावं म्हटलं तर “काळवंडतो” म्हणतात.

आणि पाणी. २०२५ च्या जानेवारीत मुठेपलीकडे सिंहगड रस्त्याच्या भागात, किरकटवाडी-नांदेड-धायरीकडे, गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग सापडू लागले. हातापायांतली ताकद घालवणारा हा विकार. रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस मिळाले, आणि संशय दूषित पाण्यावर गेला. त्या महिन्यात कोथरूडातल्या घराघरांतून पाणी उकळण्याची मोठी पातेली बाहेर निघाली. थंडीवर कोणी बोट ठेवलं नाही, कारण ठेवताच येत नव्हतं. आपण सगळा हिवाळा कान झाकण्यात घालवतो आणि दुखणं नळातून येतं. ती पातेली पुढे फार लवकर माळ्यावर गेली, असं माझं निरीक्षण आहे.

राहिलं चालणं. कोथरूडात थंडीत चालत नाही तो माणूस निदान चालण्याचे बूट तरी घेऊन ठेवतो. वेताळ टेकडीला हिवाळ्यात जत्रेचं रूप येतं. शहरातला हा सर्वांत उंच भाग. गवत वाळून सोनेरी झालेलं, गिरिपुष्पाची झाडं पानं टाकायच्या तयारीत, खाणीकडून मोराची केका. या सौंदर्यातून माणसं रक्तातल्या साखरेबद्दल बोलत जातात. “तीन महिन्यांची सरासरी किती आली?” असं एकानं विचारलं की दुसरा दहावीचे मार्क सांगावेत तशा अभिमानानं आकडा सांगतो. काही जण एआरएआयच्या रस्त्यानं गाडी घेऊन वर येतात, सपाटीवर चालतात आणि गाडीनंच खाली जातात. टेकडी चढल्याचं समाधान गाडीलाही मिळायला हवं, असा त्यामागे विचार असावा.

ज्या पुतळ्याला वळसा घालून ही गाडी येते, तो महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा. जन्म १८ एप्रिल १८५८, निधन ९ नोव्हेंबर १९६२. एकशे चार वर्षं. पोरवयात परीक्षेसाठी ते कोकणातल्या मुरूडहून साताऱ्याला घाट चढून चालत गेले होते, आणि वयानं लहान दिसतो म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडीत विधवांसाठीचा त्यांचा आश्रम आला. तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झालं की कर्वे चिखल तुडवत, काट्याकुट्यांतून चालत हिंगण्याला जायचे आणि तिथे पुन्हा शिकवायला बसायचे. त्यांनी हे कधी आरोग्यासाठी केलं नाही. पावलं मोजली नाहीत. पलीकडे त्यांची कोणीतरी वाट पाहत होतं, म्हणून ते चालले. आम्ही कुठेच पोचायचं नसताना चालतो, आणि मंडईत जायचं असलं की स्कूटर काढतो. दूध, भाजी, वाचनालय, पासबुक भरायला बँक, एवढं जरी पायी केलं तरी कोथरूडातल्या निम्म्या माणसांना टेकडीवर यायची गरज उरणार नाही, आणि मोरांनाही जरा निवांतपणा मिळेल.

पहाटे पाचला चालायला जाण्याचाही इथे मोठा मान आहे. जो जितका अंधारात जाईल तितका तो सात्त्विक. डॉक्टर मात्र रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांना थंडीत ऊन वर आल्यावर जा म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. त्यात चढाचा रस्ता. उन्हाळ्यात बसवलेला गोळ्यांचा हिशेब थंडीत एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावा. साडेसातला निघालात तर पुण्य थोडं कमी पडेल, बाकी काही बिघडत नाही.

उशिरा निघण्याला दुसरंही कारण आहे, आणि ते टेकडीवरून दिसतं. पहाटे वरून खाली पाहिलं तर कोथरूडवर राखाडी थर पसरलेला असतो. हौशी लोक त्याला धुकं म्हणून फोटो काढतात. थंडीच्या स्वच्छ रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. आपण रात्रभर जे काही सोडतो, गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, जळक्या कचऱ्याचा वास, ते त्या झाकणाखाली कोंडून राहतं आणि ऊन तापेपर्यंत वर जात नाही. पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ‘सफर’ यंत्रणा हवेचे आकडे रोज देते, मोबाइलवर पाहता येतात. सर्वांत शुद्ध हवा म्हणून आपण ज्या वेळी छाती भरून श्वास घेतो, ती वेळ पुष्कळदा दिवसातली वाईट वेळ असते.

या धुरात आपला वाटा कोणता, ते कोणत्याही गल्लीत दिसतं. पानगळ सुरू झाली की झाडलोट करून पानांचे ढीग लागतात आणि त्यांना काडी लागते. वरून एखादी प्लॅस्टिकची पिशवीही पडते. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी मनाई आहे, हे सोसायटीच्या फलकावर इतर सूचनांबरोबर लिहिलेलंही असतं. पण ते पेटवतं कोण? पुष्कळदा आपला वॉचमन. इथे माझ्या अशिलाची बाजू मला मांडता येत नाही. कोथरूडात थंडी खरोखर ज्याला बाधते तो हा माणूस, पहाटे तीनला फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला. डिंकाचे लाडू ज्या अंगमेहनतीच्या माणसासाठी शोधले गेले तो इमारतीत हा एकटाच, आणि लाडवाचा वास तेवढा त्याच्यापर्यंत येतो. ऊब हवी म्हणून तो पानं पेटवतो, तो धूर तिसऱ्या मजल्यावरच्या दमेकरी आजींपर्यंत जातो, आणि आजी म्हणतात, यंदा थंडी फार बाधते आहे.

तेव्हा यंदा एवढं करा. वॉचमनच्या हातातली काडेपेटी काढून घ्यायच्या आधी त्याला एक चांगला स्वेटर, एक जाड ब्लँकेट आणि फाटकाशी वारा न लागणारा आडोसा द्या. सोसायटीच्या खर्चातून द्या, वर्गणीचा तक्ता फिरवू नका, त्यात मार्च उजाडतो. पानं पोत्यांत भरून ठेवा. वाळलेली पानं ज्यांच्याकडे आहेत आणि बागेला ज्यांना हवी आहेत अशांची गाठ घालून देणारी ‘ब्राउन लीफ’ चळवळ याच पुण्यात सुरू झाली आहे. तेवढंही लांब जायला नको असेल तर शेजारच्या इमारतीत गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्या काकू असतीलच. त्यांना एक पोतं नेऊन द्या. पायी जा.